खेळ झाला, शिकणं झालं का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. यंदाच्या प्रशिक्षणात ‘खेळातून गणित’ यावरच सगळा भर होता. परत आल्यावर मी वर्गात सापशिडी सुरू केली. मुलं खूश आहेत, हजेरीही सुधारली. पण बेरजा होत्या तिथंच आहेत. खेळातून खरंच शिकणं होतं, की हे नुसतं प्रशिक्षणात बोलण्यापुरतं? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, होतं. पण खेळ मांडला की आपोआप होतं, असं मात्र नाही. तुम्ही एकदा पटाजवळ खाली बसून एखादा डाव नीट बघा. सोंगटी २८ वर आहे. फासा पडला पाच. मूल काय म्हणतं? ‘एक, दोन, तीन, चार, पाच.’ सोंगटी ३३ वर जाते आणि फासा शेजारच्याच्या हातात. एवढ्यात त्या मुलानं २८ वाचले नाहीत, ३३ वाचले नाहीत, आणि अठ्ठावीस नि पाच मिळून तेहेतीस होतात हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यानं पाचापर्यंत मोजलं, जे त्याला बालवाडीपासून येतं. असा खेळ वर्षभर चालला तरी गणित सहाच्या पुढे सरकायचं नाही, कारण फाशावर सहाच्या पुढे काही नसतंच.

याच मुद्द्यावर अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी एक फार सुरेख प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांतली, शाळापूर्व वर्गातली मुलं घेतली. दहा घरांची एक सरळ पट्टी आणि एक किंवा दोन दाखवणारी भिंगरी, इतकंच साहित्य. निम्म्या मुलांच्या पट्टीवर १ ते १० आकडे होते, उरलेल्यांच्या पट्टीवर नुसते रंग. सोंगटी पुढे नेताना घरातला आकडा, नाहीतर रंग, मोठ्यानं म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेली मुलं मोजण्यात, अंक वाचण्यात, लहान-मोठी संख्या ओळखण्यात पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी ती प्रगती टिकून होती. रंगवाली मुलं होती तिथंच राहिली. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी १ ते १०० च्या पटावर दोन पद्धती ताडून पाहिल्या. काही मुलांनी दर वेळी ‘एक, दोन, तीन’ असं मोजलं. काहींनी आपल्या घरापासून पुढे, म्हणजे आपल्या उदाहरणात ‘एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस’ असं. पट तोच, खेळ तोच. तरी संख्यांची जाण वाढली ती पुढे मोजणाऱ्या मुलांची.

तेव्हा तुमचा पहिला बदल फुकटातला आहे. सोंगटी ज्या घरातून जाईल त्या घराचा आकडा बोलायचा. न बोलता सरकवली तर सोंगटी मागे. सुरुवातीला खेळ रखडेल. एकोणतीस, एकोणचाळीस या घरांशी मुलं हमखास अडखळतील, कारण आपल्याकडे दशक बदलण्याच्या एक घर आधीच पुढच्या दशकाचं नाव कानावर येतं. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ ही वाचनपद्धत आली तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकरांवर केवढी टीका आणि थट्टा झाली! ज्यांनी दुसरीच्या मुलाला त्रेसष्ट आणि छत्तीसमध्ये गोंधळताना पाहिलं आहे, ती माणसं त्या गदारोळात सहसा नव्हती.) रखडू द्या. तुम्हाला हवं असलेलं शिकणं त्या रखडण्यातच चाललेलं असतं.

दुसरी अडचण पटाचीच आहे. बाजारातल्या सापशिडीत १ ते १० डावीकडून उजवीकडे जातात, ११ ते २० उलटे येतात आणि ओळी अशा वळत वळत शंभरापर्यंत चढतात. त्यामुळे २८ च्या डोक्यावर बसतात ३३. मुलाला ‘एक घर वर म्हणजे दहा जास्त’ हे दिसायला हवं असेल तर २८ च्या वर ३८ पाहिजेत. साप-शिड्या ठेवा, पण पट स्वतः आखा : प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अर्ध्या तासात होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सापशिडीत खेळाडूला ठरवायचं काहीच नसतं. फासा पडेल तसं चालायचं, साप गिळेल तसं उतरायचं. सापशिडीचं मूळ रूप असलेल्या मोक्षपटाचा, ज्याचं श्रेय आपल्याकडची परंपरा ज्ञानेश्वरांना देते, हेतूच वेगळा होता. त्यात घरांना गुण-दुर्गुणांची नावं होती आणि कुठल्या घरातून वर चढलो, कुठून घसरलो, हे वाचण्यात त्याचं शिक्षण होतं. आपल्याला बेरीज शिकवायची आहे, तर मुलाला बेरीज करण्याची गरज पडली पाहिजे. दोन फासे द्या आणि त्यांतला कोणताही एकच वापरायचा असा नियम करा. सोंगटी २८ वर, शिडी ३२ वर, साप ३३ वर आणि फासे पडले चार आणि पाच. आता बघा, मूल पटावर वाकून बोटानं अंदाज घेतं की नाही. सोंगटी हलवण्याआधी ‘कुठं पोचणार?’ हे सांगायचं आणि मग चालायचं.

आणि शेवटी वही. दर डावाला २८ + ४ = ३२ असं लिहून ठेवायचं. हे मी वहीच्या मोहापायी म्हणत नाही. दिल्लीत ‘प्रथम’ या संस्थेच्या २१४ बालवाड्यांमध्ये सुमारे पाच वर्षांच्या १५४० मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मोइरा डिलन, हरिणी कन्नन, एलिझाबेथ स्पेल्के आणि पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो त्या गटात होत्या. काही मुलांना ठिपक्यांचे समूह ताडणं, आकृत्यांतली वेगळी ओळखणं असे गणिती खेळ चार महिने खेळायला दिले. मुलांची ती अंगभूत जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर अंक, चिन्हं, बेरजा असलेल्या शाळेच्या गणितात ती मुलं इतरांच्या पुढे नव्हती. ठिपक्यांची जाण स्वतःहून चालत अंकांपाशी येत नाही. तिला तिथं आणून सोडावं लागतं. तुमच्या वर्गात मुलं खूश आणि बेरजा तिथंच, हे त्याच जातीचं कोडं आहे. तुमच्या मुलांनी खेळ आणि गणित हे दोन वेगळे कप्पे केले आहेत. डाव लिहायला लागलात की मधली भिंत पातळ व्हायला लागेल.

‘मुलं खूश आहेत’ यालाही फार मोठी पावती समजू नका. डच संशोधक पीटर वाउटर्स यांच्या गटानं २०१३ मध्ये शिक्षणासाठी बनवलेल्या संगणकीय खेळांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा या खेळांतून शिकणं जास्त झालेलं दिसलं; पण मुलांची उमेद वाढते हे मात्र तितकं सिद्ध झालं नाही. लोकांना नेमकं उलटं वाटत असतं. फायदा कुठे जास्त दिसला? जिथे खेळ एकदाच न खेळता पुन:पुन्हा खेळला, गटात खेळला आणि जोडीला शिकवणंही चालू ठेवलं, तिथे.

प्रश्न : मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला ‘खेळाधारित अध्यापन’ शिकवलं जातं ते पडद्यावर खेळांची यादी दाखवून. सेवेतल्या शिक्षकांची प्रशिक्षणंही पाहिली. तिथं टाळ्या, गाणी आणि ‘चला, गोल करा’. शिक्षकांना तयार करताना खेळ कसा वापरायला हवा? – एक छात्राध्यापक

उत्तर : तुमच्या प्रश्नातला राग मला मान्य आहे. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं, २०२१ मध्ये ‘निपुण भारत’, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आराखडा आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच. कागदावर खेळाला एवढं मानाचं पान आजवर मिळालं नव्हतं. पण तो प्रशिक्षणाच्या सभागृहात पोचेपर्यंत त्याची ‘ॲक्टिव्हिटी’ होते. चहाआधी एक, जेवणानंतर डुलक्या घालवायला एक. टाळ्यांच्या खेळानं माणसं जागी होतात, त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला प्रशिक्षण म्हणू नये.

खेळ शिक्षकालाच पुन्हा विद्यार्थी करू शकतो, आणि भाषणाला हे जमत नाही. हा प्रकार तुमच्या वर्गात करून बघा. पाचच अंक आहेत अशी कल्पना करा. शून्याचं नाव नि, मग पा, रू, टे, लो. लो च्या पुढे अंक संपले, म्हणून पुढची संख्या पा-नि, तिच्या पुढची पा-पा, मग पा-रू. पाच मिनिटं मोजणी घोकून घ्या आणि विचारा : लो अधिक टे किती? पदवीधर माणसं बाकाखाली बोटं मोजायला लागतात. कुणीतरी मनात चार अधिक तीन करून सात आणतं आणि मग सातला आपल्या भाषेत काय म्हणायचं, इथं अडकतं. एखाद्यानं पटकन ‘पारू!’ म्हटलं की बाकीचे त्याच्याकडे, आपल्या वर्गातली मागची मुलं हुशार मुलाकडे बघतात ना, तसंच बघतात. मग हळूच ‘पारू वजा टे’ विचारायचं. (उत्तर लो.)

आता या खेळानंतरचा अर्धा तास खेळापेक्षा मोलाचा. बोटं कुणी वापरली? वर्गात ‘बोटं मोजू नकोस’ असं कोण म्हणतं? उत्तर आल्यावर कुणी मोठ्यानं सांगून बाकीच्यांचा विचार तोडला? तो अर्धा तास कापून पुढचा खेळ घेणारी साधन व्यक्ती मला कधीच पटलेली नाही. आणि वेळापत्रकात पहिली कात्री नेमकी त्यावरच चालते.

दुसरं उदाहरण अरविंद गुप्तांचं. टेल्कोतून सुट्टी घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी भूमितीचं एक अख्खं दालन उघडलं. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी पुढे वर्षानुवर्षं हेच केलं. नळीचा छोटा तुकडा, त्याच्या दोन टोकांत दोन काड्या : झाला लवचिक सांधा. चार काड्यांचा चौरस करा आणि एका कोपऱ्याला धरून उभा करा. तो लगेच कलंडतो आणि चेपलेला समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबा, ढिम्म हलत नाही. चौरसात कर्णाची काडी घाला (ती जरा लांब लागते, किती लांब हाही प्रश्नच), की चौरसही ताठ. ‘त्रिकोण दृढ असतो’ हे वाक्य ज्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं असतं त्यांच्या हातात तो चौरस कोसळतो. मग कुणीतरी वर बघतं, पत्र्याच्या छपराखालची लोखंडी कैची दिसते, आणि तिच्यात त्रिकोणच त्रिकोण का आहेत हे सांगायला साधन व्यक्ती लागत नाही.

साहित्य नाही ही सबब महाराष्ट्रात तरी चालू नये. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ सोबत होत्याच. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठली परवडणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून त्यांनी साधनं उभी केली. साधन कशासाठी आहे हे शिक्षिकेला आतून कळलेलं असलं की खड्यानंही भागतं. ते कळलेलं नसलं तर रंगीत पेटारा कपाटात कुलूपबंद राहतो, ‘मुलं हरवतील’ म्हणून.

तुम्ही विचारलंत म्हणून एक सुचवतो. प्रशिक्षणात शंभर खेळांची यादी घेण्यापेक्षा एकच खेळ घ्या आणि तो मोडा. कुठला नियम काढला तर मुलाला विचार करावाच लागणार नाही? कुठला घातला तर करावा लागेल? तोच खेळ तिसरीच्या गुणाकाराला लावायचा तर काय बदलेल? मग वर्गात खेळून पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणा आणि काय फसलं ते सांगा. परिपत्रकं वाचण्यात जाणारा त्या परिषदेचा वेळ यात गेला तर कुणाचंही नुकसान होणार नाही.

प्रश्न : सुट्टीत मुलं दिवसभर ‘व्यापार’ खेळतात. त्यातून व्यवहारज्ञान येतं का? – एक पालक, पुणे

उत्तर : सुटे पैसे देणं-घेणं येतं, पण ते मुख्यतः बँक सांभाळणाऱ्याला. बाकीचे नोटा पुढे करतात. हिशेब तो करतो. ज्याचं गणित कच्चं त्याला बँकेवर बसवा. आणि कार्ड सरकवायचं यंत्र असलेला नवा पट घेऊ नका. त्यात बेरीज-वजाबाकी यंत्रच उरकतं.

बाकीच्या ज्ञानाची गोष्ट मजेशीर आहे. या खेळाची आजी म्हणजे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा ‘जमीनदाराचा खेळ’; त्याचं पहिलं पेटंट १९०४ चं. मॅगीबाई हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी. जमिनीच्या भाड्यावर एक जण कसा गबर होतो आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी खेळ रचला. नियमांचे दोन संचही केले : एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा फायदा, दुसऱ्यात एकट्याची मक्तेदारी. लोकांना दुसराच आवडला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी ‘मोनोपॉली’ बाजारात आणला तेव्हा मॅगीबाईंचं नंतरचं पेटंट त्यांनी ५०० डॉलरना घेतलं. समोरच्याचं दिवाळं वाजवताना आपल्या मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो या बाईंना अजिबात अपेक्षित नव्हता. खेळ रचणाऱ्याच्या मनात काय होतं याला मूल विचारत नाही. डाव जिंकायला जे करावं लागतं ते शिकतं. दोन्ही नियमांनी एकेकदा खेळायला लावा आणि जेवताना विचारा, कुठल्या गावात राहायला आवडेल?

प्रश्न : आमच्या शाळेत मोबाईलवरच्या प्रश्नमंजूषा, गुणफलक, स्टार यांचा सुळसुळाट आहे. मुलं हिरिरीनं भाग घेतात. हे चांगलंच ना? – मुख्याध्यापक, नाशिक जिल्हा

उत्तर : उजळणीला ठीक. नवीन शिकवायला नको. कहूटसारख्या प्रश्नमंजुषेत बहुधा लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण असतात. म्हणजे तिथं जिंकायला लागते ती घाई; आणि भागाकाराचं तोंडी उदाहरण सावकाश, बरोबर सोडवणारी मुलगी फलकावर तळाशी दिसते. वेळेचे गुण बंद करता येतात, ते करा.

स्टारबद्दल १९७३ चा एक प्रयोग शिक्षकांना माहीत असावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मनापासून चित्रं काढणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल केलेल्या गटाचा चित्रांत रमण्याचा वेळ बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मा भरला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. जे मूल पाढे म्हणायलाच तयार नाही त्याला एखादा स्टार द्या, हरकत नाही. जे आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचतं त्याला दर पुस्तकामागे स्टार लावू नका.

प्रश्न : डाव लिहायला, आकडे बोलायला सांगता, पण माझ्या वर्गात बेचाळीस मुलं, खोली एक, शेजारी चौथीचा वर्ग. फाशांचा आवाज भिंतीपलीकडे जातो. – एक गुरुजी, बीड जिल्हा

उत्तर : चार-चारचे गट, प्रत्येकाला एक पट. तिघांनी खेळायचं, चौथा पंच : तो आकडे लिहितो आणि न बोलता सरकलेली सोंगटी मागे घेतो. दर दहा मिनिटांनी पंच बदलायचा. उरलेली दोन मुलं दोन गटांत पाचवी म्हणून बसतील. हरलं की रडणारं मूल असेल तर त्याला पहिल्या दिवशी पंच करा. आणि दोघांनी मिळून एक सोंगटी चालवली की रडू निम्मं होतं.

आवाजावर उपाय चिंचोक्यांचा. फोडलेल्या चार फाका गोणपाटावर टाकायच्या, पांढऱ्या बाजू वर येतील तेवढी घरं. लाकडी फासा वाजतो तसं हे वाजत नाही. यात पाचवी-सहावीसाठी एक जादा धडाही दडलेला आहे. फाशावर एक ते सहा सारख्याच वेळा येतात. चार फाकांवर मात्र दोनाचा आकडा वारंवार आणि शून्य नि चार क्वचित. फाक दोन्ही बाजूंना सारखीच पडत असेल, तर सोळा शक्यतांपैकी सहा दोनाच्या, शून्याची एक आणि चाराचीही एकच. पण खरा चिंचोका तसा पडत नाही, एका बाजूला जास्त कलतो, आणि कुठल्या बाजूला हे प्रत्येक गटाच्या फाकांवर अवलंबून. प्रत्येक गटाला शंभर वेळा टाकून फळ्यावर रेघा मारायला लावा. बेचाळीस मुलं आहेत म्हणजे हजार नोंदी एका तासिकेत होतात; दहा मुलांच्या शाळेला हे जमणार नाही.